टायरची जन्मतारीख कोण वाचतो?

अजमानच्या औद्योगिक भागात टायरची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. दारापुढे काळ्या टायरच्या उतरंडी रचलेल्या असतात आणि ऊन कलले की त्यांतील काही थेट उन्हात येतात. मोटारसायकलसाठी टायर घ्यायला आलेला ग्राहक आधी किंमत विचारतो, मग कंपनी, मग पकड. नक्षी खोल आहे, रबर काळेभोर चमकते आहे, एवढ्यावर सौदा पुरा होतो. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत उमटवलेले चार आकडे वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. टायर नवा आहे की केवळ न वापरलेला आहे, हे मात्र त्या चार आकड्यांवाचून कळत नाही.

'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक क्रमांकाचा तो शेवटचा भाग असतो. पहिले दोन आकडे वर्षातला आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३२४ असा ठसा असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या प्रारंभी तयार झाला. २००० सालापूर्वी हा ठसा तीन आकड्यांचा होता आणि त्यावरून दशक निश्चित कळत नसे. चार आकड्यांच्या पद्धतीने तो घोळ संपला. अनेकदा ही तारीख टायरच्या एकाच बाजूस असते. ज्या बाजूस ती नाही तीच बाजू ग्राहकापुढे आली, तर टायर उलटून पाहण्यावाचून दुसरा उपाय नसतो.

कायद्याचे वय आणि रबराचे वय

संयुक्त अरब अमिरातीत टायरचे आयुष्य उत्पादनाच्या दिवसापासून पाच वर्षे धरले जाते. टायर रस्त्यावर किती धावला, याला त्या हिशेबात स्थान नाही. वाहतूक नियमभंगाच्या दंडांविषयीच्या २०१७ सालच्या मंत्रिस्तरीय ठरावाने निकामी किंवा मुदत संपलेल्या टायरसाठी ५०० दिरहम दंड, चार ब्लॅक पॉइंट आणि आठवडाभर वाहनजप्ती अशी शिक्षा ठरवली. २४ ब्लॅक पॉइंट झाले की परवाना निलंबित होतो, हे ध्यानात घेतले तर चार ही किरकोळ संख्या नव्हे. दर उन्हाळ्यात निरनिराळ्या अमिरातींचे पोलीस टायरविषयी जनजागृतीच्या मोहिमा काढतात. २९ मार्च २०२५ पासून नवा संघीय वाहतूक कायदाही अमलात आला आहे. नियमांची वाण येथे नाही.

प्रश्न असा की कायदा वय मोजतो ते रस्त्यावर किंवा वार्षिक तपासणीच्या वेळी. दुकानाच्या गल्ल्यापाशी ते मोजणारा एकटा ग्राहकच असतो. तीन वर्षे गोदामात पडून राहिलेला टायर नव्याच्या किमतीत घेणाऱ्याने पाचांपैकी तीन वर्षे आधीच गमावलेली असतात. पावतीवर मात्र खरेदीची तारीख असते, उत्पादनाची नसते. दोन वर्षांनी तपासणीत टायर नाकारला गेला की ग्राहक चक्रावतो, कारण त्याच्या लेखी तो टायर दोनच वर्षांचा असतो.

पाच वर्षांची ही मर्यादा कडक वाटू शकते. युरोपातील एका नामांकित टायर उत्पादकाचा सर्वसाधारण सल्ला पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनी सक्तीने बदल, असा आहे. जर्मनीतील टायर व्यवसायात, नीट साठवलेला टायर उत्पादनानंतर तीन वर्षांपर्यंत कारखान्यातून नुकत्याच आलेल्या मालासारखा मानण्याचा प्रघात आहे. मग आखातातच एवढी घाई का? याचे उत्तर रबराच्या रसायनात आणि आखातातल्या उन्हात आहे.

रबर हवेतील प्राणवायू आणि ओझोन यांच्याशी सतत अभिक्रिया करत असते. त्यामुळे ते कडक होते, लवचीकपणा गमावते आणि त्याला बारीक भेगा पडतात. ते रोखण्यासाठी उत्पादक रबरात संरक्षक रसायने आणि मेण मिसळतात. चाक फिरताना टायर वाकतो, उमलतो आणि ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. म्हणूनच नियमित धावणाऱ्या टायरपेक्षा महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या वाहनाच्या टायरला भेगा लवकर पडू शकतात. त्यात उष्णतेची भर पडते. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. रबरी वस्तूंच्या साठवणुकीविषयीचा आंतरराष्ट्रीय मानकसंकेत तापमान २५ अंश सेल्सिअसच्या आत असावे, प्रकाश व ओझोनपासून माल दूर असावा, असे सांगतो. २४ मे २०२५ रोजी अमिरातीतील स्वैहान येथे ५१.६ अंश तापमान नोंदले गेले. त्या दिवसांत पत्र्याच्या, वातानुकूलन नसलेल्या गोदामात पडून असलेल्या टायरचे वय दिनदर्शिकेच्या चालीने वाढत नसते.

दोन दाखले

या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने एका मोठ्या विमा कंपनीची २००२ ते २००६ या काळातील माहिती तपासली. कॅलिफोर्निया, टेक्सास, अ‍ॅरिझोना, फ्लोरिडा आणि लुइझियाना या पाच उष्ण राज्यांत त्या कंपनीचे २७ टक्के विमाधारक होते. टायरसंबंधीच्या दाव्यांपैकी मात्र ७७ टक्के तेथून आले होते. त्या दाव्यांतील ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. उष्णता आणि वय एकत्र आले की काय होते, याचे एवढे स्पष्ट चित्र दुर्मीळ आहे.

दुसरा दाखला थंड हवेच्या ब्रिटनचा. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांची बस सरे परगण्यातील हाइंडहेडजवळ पुढचा टायर फुटल्याने रस्त्याबाहेर गेली आणि तिघांनी प्राण गमावले. तो टायर एकोणीस वर्षांहून अधिक जुना होता. त्यावरची नक्षी कायद्याला पुरेल एवढी शिल्लक होती, म्हणून केवळ नक्षी पाहणाऱ्या तपासणीत त्याला हरकत घेण्यासारखे काही नव्हते. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून लॉरी व बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास तेथे बंदी आली. नक्षी म्हणजे आयुष्य नव्हे, हे सरकारच्या गळी उतरायला आठ वर्षांहून अधिक काळ लागला.

एका शहरातले दोन स्वार

मोटारसायकलच्या बाबतीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. मोटारीचा एक टायर फुटला तर उरलेले तीन तिला काही काळ सावरून धरतात. दुचाकीला ती सवलत नाही. वळणावर ती झुकते तेव्हा तळहाताएवढ्या रबराच्या चकतीवर सगळा भार असतो. ते रबर कडक झाले असेल, तर टायर फुटण्याआधीच पकड सुटते.

अजमानमध्ये दुचाकीस्वारांचे ठळक असे दोन वर्ग दिसतात आणि टायरचे दुखणे दोघांचे वेगळे आहे. पहिला वर्ग हौशी स्वारांचा. आठवडाभर कचेरीला मोटारीने शारजा किंवा दुबई गाठायची आणि सुटीच्या पहाटे मोठी मोटारसायकल काढून हजर पर्वतरांगांतील मसफूत वा शेजारच्या हत्ताच्या वळणांवर जायचे, हा त्यांचा क्रम. उन्हाळ्याचे महिने गाडी तळघरात किंवा झाकणाखाली उभी. वर्षाकाठी दोन-तीन हजार किलोमीटर धावणाऱ्या या गाडीची नक्षी झिजतच नाही. टायर दिसायला कोरा राहतो आणि आतून म्हातारा होतो. मराठी व्यावसायिकांतील दुचाकीप्रेमी बहुधा याच वर्गात मोडतात. चार आकड्यांची सर्वाधिक गरज त्यांना आहे.

दुसरा वर्ग घरपोच सेवेच्या स्वारांचा. त्यांच्या गाडीचा टायर म्हातारा व्हायला सवडच मिळत नाही. तो काही महिन्यांतच झिजतो. मागच्या पेटीचा भार मागच्या चाकावर येतो, सरळ रस्त्यावर सतत धावून टायरचा मधला भाग सपाट होतो आणि वळताना गाडी अडखळते. वारंवार टायर बदलावे लागले की खर्च खुपू लागतो आणि स्वस्त, वापरलेल्या टायरचा मोह पडतो. वापरलेला टायर किती तापला, कितीदा खड्ड्यात आपटला, कोठे किती काळ पडून होता, याचा इतिहास कोणी देत नाही. वर काळे चकचकीत द्रावण फासले की बारीक भेगाही झाकल्या जातात. यांतील अनेक स्वार कंत्राटदार कंपनीमार्फत काम करतात आणि फेरीगणिक मिळणाऱ्या पैशांवर त्यांचा महिना चालतो. दुरुस्तीसाठी गाडी उभी राहिली की तेवढ्या फेऱ्या बुडतात. अशा वेळी टायरची निवड सुरक्षिततेपेक्षा त्या दिवसाच्या हिशेबावर होते.

म्हणून स्वाराच्या माथी सगळी जबाबदारी मारून भागणार नाही. ज्यांच्या ताफ्यात शेपन्नास दुचाकी आहेत, त्या कंपन्यांनी प्रत्येक टायरची उत्पादन तारीख आणि बसवल्याची तारीख नोंदवून ठेवली, तर खर्च एका वहीचा आहे. अमिरातीतील कंपन्यांत खरेदी, वाहतूक व सुरक्षा विभाग सांभाळणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांना पुरवठ्याच्या करारात एक ओळ घालता येईल: पुरवठ्याच्या दिवशी टायर एक वर्षाहून जुना नसावा. असे निर्णय टेबलावर होतात. त्यांचे फळ रस्त्यावर दिसते.

गल्ल्यापाशी काय पाहावे

ग्राहकाने पैसे देण्यापूर्वी टायर स्वतः उलटून तारीख वाचावी. पुढच्या आणि मागच्या टायरची तारीख वेगवेगळी असू शकते, तेव्हा दोन्ही पाहाव्यात. जोडी म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरमधला एक बराच जुना निघणे अशक्य नसते. वर्षभराच्या आतला टायर आखातात निर्धास्त घ्यावा. दीड-दोन वर्षांचा असेल तर उरलेल्या आयुष्याच्या प्रमाणात किंमत कमी करून मागावी आणि साठवण कोठे होती ते विचारावे. त्याहून जुना टायर कितीही सवलतीत मिळाला तरी स्वस्त नसतो. तारखेचा भाग खरवडलेला किंवा अस्पष्ट असेल तर तो सौदा तेथेच सोडावा.

तारीख चांगली असली तरी काम संपत नाही. उन्हात रचलेल्या ढिगातला सहा महिन्यांचा टायर आणि थंड, अंधाऱ्या गोदामातला वर्षाचा टायर यांत दुसरा अधिक ताजा असू शकतो. कडेच्या रबरावर अंगठा दाबून बारीक भेगा पाहाव्यात, आतल्या काठाला चीर नाही ना ते तपासावे, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण योग्य बसवला गेला आहे याची खात्री करावी. पावतीवर चार आकडे लिहून घ्यावेत. प्रामाणिक दुकानदाराला त्यात अडचण वाटत नाही. नव्या टायरचा पृष्ठभाग प्रारंभी निसरडा असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी जपून चालवावी. हवा मोजायची ती चाके थंड असताना, पहाटे.

एक टायर या सगळ्या तपासणीतून हमखास निसटतो: गावाकडच्या अंगणात ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या मोटारसायकलचा. परदेशी गेलेल्या मुलाची ती गाडी वडील अधूनमधून पुसून ठेवतात. गणपतीला किंवा दिवाळीला चार दिवस घरी आलेला मुलगा किल्ली फिरवतो, हवा भरतो आणि पत्नीला मागे बसवून घाटाकडे निघतो. भारतात दुचाकीच्या टायरला अमिरातीसारखी वयाची कायदेशीर मर्यादा नाही, त्यामुळे त्याला कोणी अडवत नाही. नक्षी तर कोरीच असते, कारण आठ वर्षांत गाडी फारशी धावलेलीच नसते. नागपूर-अकोल्याचा उन्हाळा आखाताहून फार मवाळ नाही आणि कोकणातल्या ओल्या घाटात कडक झालेले रबर काय करेल ते सांगायला नको.

अजमानमध्ये जे आकडे पोलीस, तपासणी केंद्र आणि दंडाची भीती मिळून वाचायला लावतात, ते गावाकडे स्वतःहून वाचावे लागतात. विमानतळावरून घरी पोहोचल्यावर ताडपत्री काढून, गुडघ्यावर बसून, चाकाच्या कडेचे चार आकडे पाहायला दोन मिनिटे लागतात. ते पाच वर्षांपलीकडचे निघाले, तर घाटाचा बेत एक दिवस पुढे ढकलावा आणि आधी टायरचे दुकान गाठावे.