लेकराच्या भीतीचे धनी कोण?

लेकरू जेवायला तयार नसलं, रात्री रडत राहिलं, की राळेगाव तालुक्यातल्या कोणत्याही घरात एक धमकी हमखास ऐकू येते : "चूप राह्य, नाहीतं डाक्टरले सांगून सुई टोचाले लावीन!" पुढे तेच लेकरू तापानं फणफणलं, की आपण त्याला त्याच डॉक्टरपुढे नेतो. दोघं-तिघं मिळून हातपाय दाबून धरतो, "काही दुखत नाही" असं धडधडीत खोटं सांगतो. ते किंचाळलं तर वरून लाज काढतो : "एवढा मोठा झाला, रडतो काय?" आजारी लेकराचा असा अपमान करायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

साध्या तापात हे निभावून जातं. पण आपल्या विदर्भात सिकलसेल आहे. आदिवासींत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गीयांतही आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत, सांध्यांत, पोटात अशी कळ उठते की धडधाकट माणूसही लोळेल. थंडी, ताप, अंगातलं पाणी कमी होणं, एवढं निमित्त पुरतं. या लेकराचा दवाखाना कधी सुटत नाही. राळेगावचं ग्रामीण रुग्णालय, तिथून यवतमाळचं मेडिकल, नाहीतर सेवाग्राम, नाहीतर थेट नागपूर. प्रत्येक ठिकाणी पुन्हा शीर शोधायची, पुन्हा टोचायचं, पुन्हा अनोळखी चेहरे. त्याची भीती प्रत्येक भरतीगणिक वाढत जाते, आणि तिची नोंद कुठल्याच केसपेपरवर होत नाही.

आणि समाज? सासू म्हणते, हे रक्त सुनेच्या माहेरचं. आजार होतो तो आई आणि बाप दोघांकडून एकेक दोष आला तरच; दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता 4 पैकी 1 असते. तरी बाप तपासणीला यायला तयार नाही, आणि बोल फक्त आईला. डोळे पिवळे दिसतात म्हणून शाळेत पोरीशेजारी कोणी बसत नाही, कळा आल्या तर "नाटक करते" म्हणतात. हा रोग शिवल्यानं लागत नाही, हे एका तासात सगळ्या शाळेला सांगता येईल. तपासणीचं कार्ड तर लग्न जमेपर्यंत पेटीच्या तळाशी दडवतात. पुढचं आजारी लेकरू त्या दडवण्यातून जन्माला येतं, आणि त्या पापात मुलीकडचे, मुलाकडचे, मध्यस्थ सगळे वाटेकरी आहेत.

कापूस वेचणीच्या दिवसांत आई वॉर्डात अडकते. रोजी बुडते, बाकीची पोरं शेजाऱ्याच्या भरवशावर. आई कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली, असेल तर डॉक्टरांचं निम्मं बोलणं तिला कळतही नाही. "समजलं ना?" विचारलं की ती मान हलवते, कारण न समजल्याची कबुली दिली तर ओरडा बसतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. अडाणी ती नव्हे. तिच्या भाषेतला एक माणूस वॉर्डात उभा न करणारे आपण अडाणी.

लेकराची भीती न ओळखणारे आपण एकटेच नाही. इंग्लंडातही एके काळी आईबापांना मुलांच्या वॉर्डात मोजक्या वेळीच सोडत. 1952 साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकटं ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढला, आणि 1959 च्या प्लॅट अहवालानं आईबापांना मुलाजवळ मोकळेपणानं येऊ देण्याची शिफारस केली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये लसीकरणाच्या वेदनेबद्दल सांगितलं : लेकराला आईनं जवळ धरावं, तान्ह्याला अंगावर पाजावं, थोड्या मोठ्याचं मन रमवावं. यात खर्च कशाचा आहे? "थोडं दुखेल, मी इथंच आहे" एवढं खरं बोलायला कोणत्या निधीची मंजुरी लागते?

1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, 2047 चं उद्दिष्ट ठरलं. तपासण्या, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या, समुपदेशन सगळं हवंच. पण कळा येताना जवळ बसणारं माणूस सरकारी योजनेतून येण्याची वाट किती दिवस पाहायची? आपल्याच वऱ्हाडातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातलगांची आबाळ ओळखली आणि त्यांच्यासाठी मुंबईत धर्मशाळा उभी केली. आपण गावोगाव त्यांच्या नावानं झाडू मारतो, फोटो काढतो, आणि सभामंडपावर मजला चढवायला वर्गणी गोळा करतो.

राळेगाव तालुक्यातली कितीतरी गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. पेसाचा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचा, 5 टक्के निधी त्यांच्या हाती थेट येतो, आणि आरोग्यावर तो खर्च करता येतो. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा : कोलामी-गोंडी बोलणारी एक मुलगी मानधनावर दवाखान्यात, आणि आईसोबत वॉर्डात राहणाऱ्या माणसाची बुडालेली रोजी गावानं भरून देणं. विरोध कोण करतो, तेही इतिवृत्तात नावानिशी लिहून घ्या.