जुन्या अमेरिकन मोटारींचे वायरिंग : बोईसरच्या कारागिरांनी आपला भाव ओळखावा

अमेरिकन मोटार ही आपल्याकडच्या कारागिरांना कधीच परकी नव्हती. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची जुळणी सुरू केली आणि ती १९५४पर्यंत चालली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९४७पासून कुर्ल्याला डॉज, प्लायमाउथ आणि डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या. नावे तीन, परंतु आतली गाडी बहुतांशी एकच. पुढची जाळी आणि बिल्ला तेवढा वेगळा. या गाड्या ज्यांनी उघडल्या, जोडल्या आणि पन्नास-पन्नास वर्षे चालत्या ठेवल्या ते हात कोणाचे होते, हे या पानाच्या वाचकांना सांगावयास नको. कुर्ला आणि चोरबाजार येथील उस्तादांकडे शिकून किती तरी मुलांनी पालघर, बोईसर, मनोरकडे आपापली गॅरेजे टाकली.

आज त्याच गाड्या हौशी मालकांनी गोठ्यातून, बंगल्यातून बाहेर काढल्या आहेत. इंजिनाचे काम करणारे सापडतात, रंगकाम करणारे तर पुष्कळच. अडते ते डॅशबोर्ड आणि वायरिंगपाशी. माझे स्पष्ट मत आहे की हे काम पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातील कारागिरांनी हक्काने मागून घ्यावे. मात्र आज ज्या पद्धतीने ते उरकले जाते त्या पद्धतीने नव्हे.

आज काय होते? गाडी येते, जुने वायरिंग पक्कडीने कापून टाकले जाते, एकाच रंगाची प्लॅस्टिकची वायर ओढली जाते, बॅटरी बारा व्होल्टची बसते आणि दोन दिवसांत दिवे लागतात. मालक खूश, मिस्त्रीही खूश. वर्षभराने तीच गाडी दाखवायला किंवा विकायला निघाली म्हणजे जाणकार माणूस डॅशखाली वाकून पाहतो आणि तेथेच किंमत उतरते.

वस्तुतः ही गाडी समजून घेणे अवघड नाही. क्रायस्लरच्या गाड्यांत १९५५पर्यंत सहा व्होल्टची बॅटरी आणि प्लस अर्थ असे. त्या काळच्या फोर्डमध्येही तसेच. शेव्हरोले १९५४पर्यंत सहा व्होल्टचीच, पण तिचा अर्थ मायनस. हा फरक न पाहता बॅटरी उलटी जोडली की ॲमीटरचा काटा उलटा धावतो आणि डायनमो-कटआउटचे नुकसान होते ते वेगळेच. दुसरी गोष्ट वायरच्या जाडीची. ४५ वॅटचा हेडलाइट बारा व्होल्टवर पावणेचार अँपिअर घेतो, तर सहा व्होल्टवर साडेसात. करंट दुप्पट, म्हणून तांबेही जास्त हवे. वाटेत अर्धा व्होल्ट गळाला तर बारा व्होल्टच्या गाडीला तो जाणवतही नाही, सहा व्होल्टच्या गाडीचा दिवा मात्र पिवळा पडतो. बाजारातील साधी बॅटरी केबल लावायची, सेल्फ जड फिरला की “सहा व्होल्टमध्ये दमच नाही” म्हणून गाडी बदनाम करायची, ही आपल्या धंद्यातील जुनी खोड आहे. केबल जाड घ्या, बॉडी अर्थची जागा घासून उजळ करा; पुष्कळ गाड्यांचा सेल्फ तेवढ्यानेच सरळ होतो.

ॲमीटरबाबत तर निष्काळजीपणा चालतच नाही. सेल्फचा करंट सोडला तर गाडीचा जवळजवळ सगळा करंट या गाड्यांत डॅशवरच्या ॲमीटरमधून जातो, आणि त्या काळी फ्यूजही मोजकेच असत. मागचा नट सैल राहिला तर तेथूनच आग लागते. तापमानाच्या मीटरचे आणखी निराळे. बऱ्याच गाड्यांत तो विजेवर नसतोच. इंजिनापासून एक बारीक तांब्याची नळी आत येते, तिच्यात उडनशील द्रव भरलेला असतो. वायर समजून ती कापली की मीटर मेला.

हार्नेस काढण्याची रीतही शिकून घ्यावी. तो न कापता अख्खा काढायचा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधायची, प्लायवूडच्या फळीवर पसरून जेथे जेथे फांदी फुटते तेथे खिळा ठोकायचा आणि त्या खिळ्यांवरून नवा हार्नेस विणायचा. वरून सुती वेष्टन आणि लॅकर. येथे एक मुद्दा आपल्या बाजूचा आहे. अमेरिकेत तयार हार्नेस आणि डॅशचे भाग विकत मिळतात, पण ते डाव्या स्टीअरिंगच्या गाडीचे. आपल्याकडे जुळलेल्या गाड्यांचे स्टीअरिंग उजवीकडे, त्यामुळे मांडणी वेगळी आणि वायरची लांबीही वेगळी. म्हणजे काम येथेच, हातानेच होणार.

आता कोणी विचारील, मुंबईचा मालक आपली गाडी शंभर-एक किलोमीटर दूर बोईसरला कशाला पाठवील? गाडी आणण्याची गरजच नाही. मीटर, डॅशची पट्टी, रेडिओ आणि काढलेला हार्नेस पिशवीतून येतो-जातो. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आल्या, तेव्हापासून हा प्रवास सोपाच झाला आहे. आणि या पट्ट्यात जे आहे ते मुंबईत एका ठिकाणी मिळत नाही. चिंचणी-तारापूर भागात दागिन्यांच्या डाय कोरणारे कसबी हात आहेत. हॉर्नच्या बटणावरील चकती किंवा हरवलेला बिल्ला त्यांना अवघड नाही. (एका गाडीसाठी बिल्ला करून देणे वेगळे आणि कंपनीचे नाव ठोकून तो बाजारात विकणे वेगळे. दुसऱ्या धंद्यात ट्रेडमार्कचा कायदा आड येतो.) अनेक डॅशवर लाकडाचा भास असतो, खाली पत्रा असतो. फर्निचर पॉलिश करणाऱ्या आपल्या जुन्या कारागिरांनी ते काम करून पाहावे. क्रोमचे काम मात्र घरी करू नये. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलेला आहे. परवाना असलेल्या कारखान्यातूनच मुलामा करून घ्यावा.

धंदा मोठा आहे असे मी म्हणणार नाही. गाड्या थोड्या, मालक थोडे आणि त्यातले काही पैसे देताना फार थकवतात. रिक्षा, टेम्पोचे रोजचे काम सोडून कोणी यामागे लागू नये. पण ऑक्टोबर २०२३मध्ये प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, नव्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे एक काचेचा पडदा झाला, बिघडला की अख्खा बदलायचा. हाताने मीटर उघडणाऱ्या माणसाला काम उरले कोठे? ते येथे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, धंद्यासाठी वापर नाही. चासी, बॉडी वा इंजिनात फेरफार नसावा असे नियम सांगतो. वायरिंगचा त्यात उल्लेख नाही, परंतु एवढा खर्च करणारा मालक अस्सलपणाची किंमत जाणतो.

म्हणूनच ठोक भाव सांगणे बंद करावे. तासाचा दर ठरवावा, अंदाजपत्रक लेखी द्यावे, सामानाचे पैसे आधी घ्यावेत. बिलावर मूळचे काय राखले, दुरुस्त काय केले आणि नवे काय बनविले हे वेगवेगळे लिहावे. नव्याला “ओरिजिनल” म्हणू नये. काम सुरू करण्यापूर्वी फोटो काढावेत, त्यांची एक प्रत मालकाला द्यावी. आणि उतरवलेला जुना हार्नेस भंगारात न टाकता गुंडाळून, चिठ्ठ्यांसकट मालकाच्या हवाली करावा. तो त्याची अमानत आहे.