संताचें नांव आणि संताचें काम

थोर पुरुषांच्या पश्चात् त्यांचें पूजन करणें ही मनुष्याची फार पुरातन रीत आहे. कोणी समाधि बांधतो, कोणी पुतळा उभारतो, कोणी वर्षांतून एकदां तसबिरीला हार घालतो. या रीतीला नांवें ठेवण्याचा आमचा हेतु मुळींच नाहीं. ज्याच्या हृदयांत कृतज्ञता असते त्यालाच हार गुंफण्याची बुद्धि होते. परंतु पूजनाच्या पोटांत एक धोका दडलेला असतो. संताचें नांव घेतलें म्हणजे त्याचें काम आपल्या हातून झालेंच, असें मनाला हळूहळू वाटूं लागतें. हा धोका किती भयंकर रूप धारण करूं शकतो, हें इंग्लंडांतील लिंकन शहराच्या इतिहासावरून स्पष्ट कळतें. म्हणून त्या शहराचे बिशप संत ह्यू यांचें चरित्र, आणि त्यांच्या पश्चात् त्यांच्याच भक्तांच्या हातून काय घडलें तें, आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्यू यांचा जन्म इ. स. ११४० च्या सुमारास, आल्प्स पर्वताच्या परिसरांतील आव्हालों येथें, एका सरदार घराण्यांत झाला. हा मुलूख आज फ्रान्स देशांत मोडतो. आई लहानपणींच निवर्तली. तेव्हां वडिलांनीं संसार सोडून मठवास पत्करला व मुलालाही आपल्याबरोबर नेलें. तरुणपणीं ह्यू यांनीं कार्थूझियन पंथाच्या ग्रांद शार्त्रूझ या मूळ मठांत प्रवेश केला. मौन, एकांत, उपास व प्रार्थना हा त्या पंथाचा नित्यक्रम. दरबार व कारभार यांपासून दूर राहावें म्हणून जो मनुष्य डोंगरांत गेला, त्याच्यावर पुढें राजांशीं गांठ घालण्याचा प्रसंग वारंवार आला.

त्याचें कारण असें झालें. इ. स. ११७० मध्यें इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या चार सरदारांनीं कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट यांचा भर मंदिरांत वध केला. त्या पातकाच्या प्रायश्चित्तादाखल हेन्रीनें सॉमरसेट परगण्यांत विथम येथें एक कार्थूझियन मठ स्थापिला. पण त्याची घडी नीट बसेना, तेव्हां ह्यू यांस तेथें प्रमुख म्हणून बोलावून घेतलें. ह्यू येऊन पाहतात तों मठाच्या जागेवर गरीब शेतकऱ्यांचीं घरें! राजाज्ञेनें तीं उठवावयाचीं होतीं. या लोकांस त्यांच्या घरादारांची पुरी भरपाई मिळाल्यावांचून आपण ही जागा स्वीकारणार नाहीं, असें त्यांनीं राजास स्वच्छ कळविलें. राजानें पैसे दिले. मग ह्यू यांनीं तीं रिकामीं घरें राजापासून दान म्हणून मागून घेतलीं, आणि त्यांचें सामानसुमान ज्याचें त्याला परत देऊन टाकलें.

पुढें राजानें या मठाला एक अत्यंत सुंदर हस्तलिखित बायबल भेट दिलें. तें विंचेस्टरच्या मठवासीयांनीं स्वतःसाठीं मोठ्या कष्टानें तयार केलें होतें, व राजानें तें त्यांच्यापासून मागून घेतलें होतें, हें ह्यू यांस मागाहून कळलें. त्यांनीं तें मूळ धन्यांस गुपचूप परत केलें. ग्रंथ पवित्र असला तरी तो आपल्या हातीं कसा आला, हा प्रश्न त्यांच्या लेखीं गौण नव्हता.

इ. स. ११८६ मध्यें त्यांची लिंकनचे बिशप म्हणून निवड झाली. हंबर नदीपासून थेम्स नदीपर्यंत पसरलेला तो अफाट धर्मप्रांत. कोणालाही भूल पडावी असें तें पद. परंतु निवड राजाच्या समक्ष झाली एवढ्याच कारणासाठीं ह्यू यांनीं ती नाकारली. लिंकनच्या धर्माधिकाऱ्यांनीं आपल्या स्वतःच्या सभागृहांत, कोणाच्या दडपणाशिवाय, पुन्हां निवड केली तेव्हांच ते राजी झाले.

गादीवर बसतांच पहिला खटका उडाला तो राजाच्या राखीव अरण्यांवरून. तेथील अधिकारी गोरगरिबांना फार छळीत. ह्यू यांनीं त्यांच्या मुख्य अधिकाऱ्यास धर्मबहिष्कृत केलें. लागलीच राजानें आपल्या एका दरबाऱ्यासाठीं मंदिराकडील एक वृत्ति मागितली. तीही त्यांनीं दिली नाहीं. संतप्त राजानें त्यांस वुडस्टॉक येथें बोलाविलें. ह्यू आले तेव्हां राजा दरबाऱ्यांसह जमिनीवर बसला होता. कोणी उठेना, कोणी बोलेना. राजा मुकाट्यानें आपल्या दुखऱ्या बोटावरची पट्टी सुईनें शिवीत होता. ह्यू शेजारीं जाऊन बसले, आणि थोड्या वेळानें म्हणाले कीं, महाराज आतां अगदीं आपल्या फालेझच्या नातलगांसारखे दिसतात! राजाचा पणजा जो विजेता विल्यम, त्याची आई फालेझ गांवची होती, आणि तें गांव चामडें शिवणाऱ्या कारागिरांबद्दल प्रसिद्ध होतें. टोमणा कळतांच राजाला हंसूं आवरेना, व भांडण तेथेंच मिटलें. निर्भय मनुष्य नेहमीं रागावलेलाच असतो अशी ज्या मुलांची समजूत असेल, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें इ. स. ११९७ मध्यें राजा रिचर्ड यानें परदेशांतील युद्धासाठीं सैनिकी मदत मागितली, तेव्हांही लिंकनच्या मंदिराकडे असें देणें लागत नाहीं म्हणून नकार देणाऱ्यांत ह्यू होते.

राजापुढें ताठ राहणारा हा पुरुष महारोग्यापुढें मात्र वांकत असे. ते महारोग्यांचे पाय धूत, त्यांच्यासंगें जेवीत व त्यांचें चुंबनही घेत. लिंकनच्या एका विद्वान धर्माधिकाऱ्यानें त्यांस सुचविलें कीं, संत मार्टिन यांच्या चुंबनानें महारोगी बरा झाला होता, आपल्या चुंबनानें तसें होत नाहीं. त्यावर ह्यू यांचें उत्तर असें कीं, मार्टिन यांच्या चुंबनानें रोग्याचें शरीर बरें झालें, पण रोग्याच्या चुंबनानें आपला आत्मा बरा होतो. इ. स. ११८५ च्या भूकंपानें भंगलेलें लिंकनचें कॅथीड्रल, म्हणजे बिशपचें मुख्य मंदिर, त्यांनीं पुन्हां बांधावयास घेतलें, तेव्हां दगड व चुना ते स्वतःच्या खांद्यावरून वाहात, असेंही जुने चरित्रकार सांगतात.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं हा विषय निवडिला तिच्याकडे वळूं. इ. स. ११८९ मध्यें रिचर्डच्या राज्याभिषेकाच्या दिवशीं लंडनांत यहूदी लोकांवर जमाव तुटून पडला, व पुढील वर्षीं तो वणवा स्टॅमफर्ड, लिंकन, यॉर्क इत्यादि शहरांत पसरला. एकट्या यॉर्कमध्यें सुमारें १५० यहूद्यांचा अंत झाला. स्टॅमफर्डच्या लुटींत सामील झालेला जॉन नांवाचा एक तरुण लुटीचा पैसा घेऊन नॉर्थँप्टन येथें गेला. तेथें त्या पैशाच्या लोभानें त्याचाच खून झाला. आणि चमत्कार असा कीं, लोकांनीं त्यालाच हुतात्मा ठरविलें! स्वप्नें पडूं लागलीं, चमत्कारांच्या वार्ता उठल्या, दर्शनास गर्दी लोटली, नैवेद्य जमूं लागले. नॉर्थँप्टन ह्यू यांच्याच धर्मप्रांतांत होतें. ते स्वतः तेथें गेले, पूजेचीं चिन्हें काढून टाकिलीं आणि ती उपासना बंद पाडली. लोकप्रियता गमावण्याची भीति त्यांना वाटली नाहीं. जमाव ज्याला संत म्हणतो तो संत असतोच असें नाहीं, हें त्या काळीं स्पष्ट सांगणारा एक तरी मनुष्य त्या प्रांतांत होता.

१६ नोव्हेंबर १२०० रोजीं ह्यू लंडन येथें निवर्तले. त्यांचा देह लिंकनला आणला तेव्हां इंग्लंडचा राजा जॉन व स्कॉटलंडचा राजा विल्यम या दोघांनीं त्यांची शवपेटी वाहण्यास खांदा दिला. त्याच गर्दींत शहरांतील यहूदीही रडत होते, अशी नोंद त्यांचे सोबती व चरित्रकार ॲडम यांनीं केली आहे. इ. स. १२२० मध्यें पोप तिसरे होनोरियस यांनीं ह्यू यांस संत म्हणून घोषित केलें. यात्रेकरूंची रीघ लागली. चित्रकार त्यांच्याजवळ एक हंस काढूं लागले. कारण स्टो येथील त्यांच्या वाड्यांत एक रानहंस त्यांच्याशीं मोठी माया करीत असे. हंसाची गोष्ट गोड खरी. पण ती सांगतांना महारोग्याची व यहूद्याची गोष्ट मागें पडत गेली.

संतपदाच्या घोषणेस उणीं चाळीस वर्षें झालीं नाहींत तोंच कसोटीची वेळ आली. इ. स. १२५५ च्या उन्हाळ्यांत लिंकनमधील एक लहानगा मुलगा नाहींसा झाला, व ऑगस्टअखेर त्याचें प्रेत एका विहिरींत सांपडलें. त्याचेंही नांव ह्यूच होतें. त्या मातेचा शोक आम्ही हलका लेखीत नाहीं. परंतु शोकाला न्याय हवा होता, आणि जमावाला अपराधी हवा होता. यहूद्यांनीं धर्मविधीसाठीं मुलाला मारलें अशी आवई उठली. कोपिन नांवाच्या यहूद्यास जीवदानाचें आमिष दाखवून त्याच्याकडून कबुली वदवून घेतली, आणि राजा तिसरा हेन्री यानें तरीही त्याला ठार केलें. सुमारें ९० यहूद्यांस धरून लंडनला नेलें. त्यांपैकीं १८ जणांस फांशीं दिलें. मुलाचें प्रेत मोठ्या सन्मानानें कॅथीड्रलमध्यें पुरलें, आणि पोपांनीं कधींही संत न ठरविलेल्या त्या बालकाची पूजा सुरू झाली. ज्या प्रकाराचा ह्यू यांनीं नॉर्थँप्टनला बीमोड केला होता, तोच प्रकार त्यांच्या स्वतःच्या मंदिरांत, त्यांच्या समाधीपासून हांकेच्या अंतरावर उभा राहिला!

तथापि संतपूजन थांबलें काय? छे, उलट वाढलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे इ. स. १२५६ मध्यें, यात्रेकरूंच्या सोयीसाठीं मंदिराचा पूर्वभाग नव्यानें बांधावयास आरंभ झाला. त्यास देवदूतांच्या शिल्पांवरून नांव पडलें आहे. इंग्लंडांतील अत्यंत सुंदर बांधकामांत त्याची गणना होते. ६ ऑक्टोबर १२८० रोजीं संत ह्यू यांचे अवशेष राजा पहिला एडवर्ड याच्या उपस्थितींत तेथें समारंभानें नेण्यांत आले. त्याच एडवर्डनें दहा वर्षांनीं, इ. स. १२९० मध्यें, यावत् यहूद्यांस इंग्लंडांतून हद्दपार केलें. समाधि सोन्याची, आणि समाधींतल्या पुरुषासाठीं ज्यांनीं अश्रु ढाळले त्यांच्या नातवंडांना देश पारखा!

इ. स. १५४० मध्यें आठव्या हेन्रीच्या माणसांनीं ती समाधि मोडली. मंदिरांतून अडीच हजार औंसांहून अधिक सोनें व चार हजार औंसांहून अधिक चांदी नेली. पुष्कळ लोक यालाच संत ह्यू यांची विटंबना समजतात. आमच्या मतें त्यांची खरी विटंबना २८५ वर्षांपूर्वींच झाली होती, आणि ती शत्रूंनीं केली नव्हती.

आमच्या वाचकांत रोमन कॅथलिक आहेत, प्रॉटेस्टंट आहेत, तसेच हिंदु, मुसलमान व इतर धर्मांचेही आहेत. संतांच्या अवशेषांना वंदन करावें कीं न करावें, याविषयीं त्यांचें एकमत होणार नाहीं, व तें व्हावें असा आमचा आग्रहही नाहीं. ह्यू स्वतः अवशेषांचे मोठे भक्त होते. इतके कीं, फेकां येथील मठांत मरीया मग्दालीयेची म्हणून जपलेली अस्थि दाखविण्यांत आली असतां त्यांनीं तिचे तुकडे चक्क दांतांनीं तोडून घेतले, व तेथील मठवासी खवळले! तेव्हां वंदन करणाऱ्यानें खुशाल करावें. आमचें म्हणणें एवढेंच कीं, वंदनाची पारख समाधीपाशीं होत नाहीं; त्या संतानें ज्याला आपला मानिलें त्याच्या दाराशीं ती होते. संदेष्ट्यांच्या कबरा शृंगारणाऱ्यांस प्रभु येशूनें कोणत्या शब्दांत झाडलें, हें शुभवर्तमान वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच.

खरें पूजन कसें असतें, याचेंही उदाहरण आहे. लिंकनच्या एका बिशपची कन्या एलिझाबेथ वर्ड्सवर्थ यांनीं इ. स. १८८६ मध्यें ऑक्सफर्ड येथें, बेताच्या परिस्थितींतील मुलींना शिकतां यावें म्हणून, संत ह्यू यांच्या नांवानें एक संस्था काढिली. ती आज मोठें कॉलेज आहे. आणि लिंकनच्या कॅथीड्रलमध्यें, त्या बालकाच्या थडग्यापाशीं, विसाव्या शतकांत एक फलक लावण्यांत आला. त्या जुन्या कहाण्या खोट्या होत्या व त्यांपायीं निरपराध्यांचे प्राण गेले, असें त्यांत उघड मान्य केलें आहे. सात शतकें लागलीं. तरी सत्य शेवटीं त्याच मंदिरांत लिहिलें गेलें, हें त्या मंदिराला भूषणच होय.

विद्यार्थिमित्रहो, १२५५ चें लिंकन तुम्हांस फार दूरचें वाटेल. पण तुमच्या वर्गांत एखाद्याची लेखणी हरवते, तेव्हां पहिलें बोट कोणाकडे वळतें? बहुधा ज्याचे कपडे जुने, ज्याची वस्ती निराळी, ज्याच्या बाजूनें बोलणारा कोणी नाहीं, त्याच्याकडे. हीच त्या विहिरीकडे जाणारी वाट आहे. आणि पालकांनो, परक्या जातीविषयीं वा धर्माविषयीं ताटावर बसून आपण जें सहज बोलून जातों, तें मुलें धड्यांपेक्षां लवकर पाठ करितात. पूर्वीं आवई पसरावयास आठवडा लागे. आतां ती हातांतल्या मोबाइलवरून घटकेंत गांवभर होते, म्हणून आपली जबाबदारी कमी न होतां वाढली आहे.

शाळेच्या भिंतीवर ज्या थोरांच्या तसबिरी आहेत त्यांना हार जरूर घाला. मात्र पुढच्या वेळीं लेखणी हरवेल आणि सर्वांचीं बोटें एकाच मुलाकडे वळतील, तेव्हां तुमच्यांतील एकानें उभें राहून इतकेंच विचारावें, "प्रत्यक्ष पाहिलें कोणी?" तेवढें विचारणारा विद्यार्थी ज्या वर्गांत आहे, त्या वर्गांतील हार वायां गेला असें आम्ही म्हणणार नाहीं.