पोट कापलंत, आता गोळ्यांचं कोण बघणार?

‘कॅल्शियम, दिवसातून दोन वेळा’ एवढीच ओळ डिस्चार्ज कार्डावर लिहून वजनाच्या ऑपरेशनचा पेशंट घरी पाठवणारा सर्जन बेजबाबदार आहे. कोणतं कॅल्शियम? किती? जेवणाबरोबर की एरवी? लोहाच्या गोळीपासून किती अंतराने? ज्याने जठराचा पाऊण भाग कापून काढला (स्लीव्ह) किंवा अन्नाची वाटच वळवली (बायपास), त्याला या चार प्रश्नांची उत्तरं लिहायला वेळ नसतो. ती उत्तरं मग आमच्या पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीच्या बाजारात औषधाच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या दहावी-बारावीच्या पोराने द्यायची.

माझी बायपास मुंबईत झाली. ऑपरेशनबद्दल माझी तक्रार नाही. साखर आटोक्यात आली, जिना चढता येऊ लागला. जाडेपणा हा आजार आहे आणि त्यावर हा खरा इलाज आहे, हे मी कुणालाही सांगेन. पण माझ्या कार्डावर कॅल्शियमबद्दल तीच एक ओळ होती. इथून रिक्षाने वाणगाव, मग गाडी, मग रांग, असा पूर्ण दिवस मोडल्याशिवाय डॉक्टर भेटत नाही. साहजिकच माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जातो आणि दुकानदार देईल ते घेतो.

दुकानदार देतो ती कॅल्शियम कार्बोनेटची गोळी, बहुतेक वेळा शिंपल्यांपासून केलेली. 1250 मिलिग्रॅम कार्बोनेट, त्यातून 500 मिलिग्रॅम कॅल्शियम. धडधाकट पोटाला ही गोळी चालते, कारण ती विरघळवायला लागणारं आम्ल त्या पोटात असतं. स्लीव्ह केलेल्या माणसाचं 75 ते 80 टक्के जठर गेलेलं असतं. बायपासमध्ये अन्न 30 मिलिलिटरच्या आसपासच्या पिशवीत पडतं आणि जिथे कॅल्शियम आणि लोह सर्वांत जास्त शोषलं जातं तो आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जातं. त्यात महिनोन्‌महिने ‘गॅसची गोळी’ चालू असते, म्हणजे उरलंसुरलं आम्लही बंद. अशा पोटासाठी कॅल्शियम सायट्रेट बरं, कारण त्याला आम्लाची गरज पडत नाही आणि ते केव्हाही घेता येतं. कार्बोनेट म्हणजे विष नव्हे. जेवणाबरोबर घेतलं तर थोडंफार अंगी लागतं. पण ‘दोन्ही एकच हो ताई’ म्हणून सायट्रेटच्या जागी ते हातात ठेवणं ही फसवणूक आहे.

सायट्रेट मिळालं तरी पाकिटावरचे आकडे गोंधळ घालतात. समोर मोठ्या अक्षरांत 1000 मिलिग्रॅम छापलेलं असतं. ते वजन सायट्रेटचं. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम असतं साधारण 210 मिलिग्रॅम. स्लीव्ह किंवा बायपासनंतर आहार धरून रोज 1200 ते 1500 मिलिग्रॅम लागतं आणि एका वेळी 500-600 च्या वर शरीर घेत नाही. दोन गोळ्यांचे झाले 420. बाकीचं कुठून आणायचं? नाचणीतून, सुकटीतून, असं आमच्याकडे कुणीही सांगेल आणि ते खोटंही नाही. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण ज्या पोटात अर्धी भाकरी मावत नाही, आणि जे मावतं त्यात आधी प्रथिनं भरायची असतात, त्याने 100 ग्रॅम नाचणी दिवसात कधी खायची?

मग वर्षाने रक्त तपासतात, कॅल्शियम नॉर्मल येतं आणि घरात आनंद होतो. हा आनंद खोटा आहे. अन्नातून कॅल्शियम मिळेनासं झालं की पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून रक्तात आणतात. रक्त नॉर्मल दिसतं, झिजतात ती हाडं. पीटीएच, म्हणजे याच ग्रंथींचं संप्रेरक, आणि ड जीवनसत्त्व तपासल्याशिवाय हे कळत नाही. ड जीवनसत्त्व रोज 3000 युनिट घ्यावं आणि रक्तातली पातळी 30 नॅनोग्रॅमच्या (दर मिलिलिटरला) वर ठेवावी, असं अमेरिकेतल्या या शस्त्रक्रियांच्या संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. इथे मात्र नुसत्या कॅल्शियमचा रिपोर्ट पाहून गोळ्या बंद करायला सांगणारे भेटतात.

बी-12 ची गत याहून वाईट. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. बोंबील, मांदेली, कोळंबी खाणाऱ्याला बी-12 कमी पडतच नाही, हा आमचा ठाम समज. ऑपरेशनआधी तो बऱ्यापैकी खराही असेल. पण मासळीतलं बी-12 सुटं व्हायला आम्ल लागतं आणि ते शोषायला जठरातूनच पाझरणारं एक प्रथिन लागतं. तेच तुटपुंजं झालं तर ताटात कितीही मासे पडोत. यकृतातला साठा काही काळ पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते: पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा. लोक त्याला वात म्हणतात आणि तेल चोळतात.

याच सुमाराला ओळखीतलं कुणीतरी पावडरचा डबा घेऊन दारात येतं. सगळी जीवनसत्त्वं यात आहेत, म्हणे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 मध्ये पूरक पदार्थांसाठी जे नियम केले, त्यांत मात्रेची मर्यादा निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेएवढी धरली होती. बी-12 ची ती गरज आहे दोन-अडीच मायक्रोग्रॅम. ऑपरेशन झालेल्याला तोंडाने रोज 350 ते 1000 लागतात, नाहीतर महिन्याला 1000 चं इंजेक्शन. रोजच्या वापरातल्या बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूलमध्येसुद्धा पंधराच्या आसपास असतं. डब्यावर यादी कितीही लांब असली तरी आकडा वाचा, आणि आकडा पुरेसा नसेल तर डबा आणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

सर्वांत जास्त भीती मला वाटते ती सलाईनची. पहिल्या काही आठवड्यांत उलट्या लागल्या, माणूस गळून गेला, की आपल्याकडे पहिली मागणी असते, ‘डॉक्टर, एक बाटली लावा.’ बाटली असते ग्लुकोजची. थायमिनचा, म्हणजे बी-1 चा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. उलट्यांनी तो संपलेला असताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलेलं थायमिनही वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते. डोळे भलतीकडे फिरतात, पाय लटपटतात, माणूस बरळतो, आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. तोडगा साधा आणि स्वस्त आहे: थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. गावातल्या डॉक्टरने वर्षभरात बायपासचा एकही पेशंट पाहिलेला नसेल. त्याला दोष देणं सोपं, पण अन्याय्य. ही ओळ ऑपरेशन करणाऱ्याने डिस्चार्ज कार्डावर लाल अक्षरांत छापायला हवी. माझ्या कार्डावर पार्किंगचे नियम छापलेले होते.

2011 मध्ये नितीन गडकरींचं वजनाचं ऑपरेशन मुंबईत झालं, 2017 मध्ये इजिप्तहून पाचशे किलोची एक स्त्री सैफी हॉस्पिटलात आणली गेली. दोन्ही वेळा वर्तमानपत्रांनी किलोंचा हिशेब छापला. त्या बातम्यांवरून किती जणांनी ऑपरेशनचा विचार केला असेल! आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात हे त्यांतल्या किती जणांना कळलं? लोहाची गोळी कॅल्शियमपासून दोन तास लांब ठेवायची आणि चहाबरोबर घ्यायची नाही, ही बातमी कधी झालीच नाही. पाळी येणाऱ्या बाईला ऑपरेशननंतर रोज 45 ते 60 मिलिग्रॅम लोह लागतं. आमचा जिल्हा कुपोषणासाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, 1992 च्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंपासून. तरी नव्वद किलोची बाईसुद्धा कुपोषित असू शकते, हे आमच्याच जिल्ह्यात कुणाला पटत नाही. ‘बारीक झालीस ना, आता कशाला गोळ्या?’ असं काकीपासून शेजारणीपर्यंत सगळ्या विचारतात.

विमा कंपन्यांचं वागणं या सगळ्याला साजेसं आहे. विमा नियामकाने 2019 च्या नियमांत ठरवलं की बीएमआय 40 असेल, किंवा 35 आणि सोबत गंभीर आजार असेल, तर ऑपरेशनचा खर्च केवळ लठ्ठपणाचं कारण देऊन वगळता येणार नाही. त्याच नियमांत जीवनसत्त्वं आणि खनिजं मात्र वगळण्याच्या यादीत टाकली. रुग्णालयातल्या दाव्याचा भाग म्हणून डॉक्टरने लिहिली तरच मिळतात. म्हणजे लाखो रुपये देऊन आतडं वळवायला कंपनी तयार, पण त्या वळवलेल्या आतड्याला जन्मभर जे लागणार ते पेशंटने खिशातून घ्यावं. पैसे अपुरे पडले की घरात पहिल्यांदा बंद होते ती बाईची गोळी. ऑपरेशन झालेल्याची ही औषधं वगळण्याच्या यादीतून काढा, अशी मागणी डॉक्टरांच्या संघटनांनी नियामकाकडे लावून धरली पाहिजे.

आणि दुकानदारांनो, कायद्याचं तत्त्व तुमच्यापुढे आहेच. 1945 च्या औषध नियमांतला नियम 65 (11अ) सांगतो की चिठ्ठीवर अनुसूची एच किंवा एक्समधलं औषध असेल तर त्याच्या बदल्यात दुसरं देता येत नाही; कॅल्शियम त्या अनुसूचींत नसलं तरी तोच न्याय लावा. चिठ्ठीवर सायट्रेट असेल तर सायट्रेट द्या. दुकानात नसेल तर तसं सांगा, बोईसरहून मागवा, मी दोन दिवस थांबेन.