मुलांच्या वाचनाचा उतारा



ऊस विकास विभागाच्या ह्या पानावर एरवी बेणे, खते, हुमणी, खोडवा ह्यांविषयी चार गोष्टी येत असतात. ह्या वेळी आम्ही मुलांच्या वाचनाविषयी लिहीत आहोत. शेतकी खात्याच्या माणसाने शाळेत नाक कशाला खुपसावे, असे कोणी म्हणेल. परंतु कारण आमच्याच खात्यात घडले, म्हणून लिहिणे भाग पडले.

मागच्या हंगामातली गोष्ट. एप्रिल महिन्यात एक सभासद गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, माझी जुलैची आडसाली लागण. माझ्या मागनं लावलेल्यांचा ऊस गेला आणि माझा अजून उभाच." नोंदवही काढून पाहिली. लागण जुलैची खरी, पण नोंद सप्टेंबरअखेरची. आम्ही विचारले, "परिपत्रक मिळालं नव्हतं का?" ते म्हणाले, "मिळालं की. चष्मा मोडला हुता, म्हणून पोराकडनं वाचून घेतलं. आठवीत हाय. एका अक्षराला अडखळला न्हाई." "मग त्यात काय होतं?" "बेणं सवलतीत मिळणार म्हणून हुतं."

परिपत्रकात बेण्याचे होतेच, ते पहिल्या परिच्छेदात. लागणीपासून एक महिन्याच्या आत नोंद करावी, उशिराची नोंद तोडणी कार्यक्रमात मागे जाईल, हे तिसऱ्या परिच्छेदात होते. मुलाने सगळे वाचले, बापाने सगळे ऐकले, आणि कामाची गोष्ट दोघांच्याही हाती लागली नाही. एकवीस महिन्यांचा ऊस शेवटी तुटला, पण वजन गेले ते गेलेच.

मुलगा ढ नव्हता. त्याला वाचायला शिकवले होते, पण वाचलेल्यातला मुद्दा काढायला कोणी शिकवले नव्हते. शाळेत "खडखडीत वाचतो" म्हणून शाबासकी मिळते. धड्याखालच्या प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य जसेच्या तसे उतरवायचे, एवढ्यावर मार्कही मिळतात. कारखान्याच्या परिपत्रकाखाली प्रश्न छापलेले नसतात, तिथे हा अभ्यास उपयोगी पडत नाही.

ही गोष्ट आमच्या डोक्यात घोळत असतानाच, हंगाम आटोपल्यावर मे महिन्यात आम्ही घाटकोपरला मेहुण्यांकडे चार दिवस गेलो. आपल्यातल्या कित्येक घरांचा एक पाय गावात आणि एक पाय घाटकोपर, भांडुप, मुलुंडला आहे. कोणी माथाडीत, कोणी कंपनीत, कोणी पालिकेत. मेहुण्यांची धाकटी पाचवीत आहे. ती संध्याकाळी चाळीतल्या मंडळाच्या खोलीत जात असे. तिथे मुलुंडहून एक निवृत्त शिक्षिका येऊन सुट्टीत मुलांना वाचन शिकवीत. आम्हीही एक दिवस मागे जाऊन बसलो.

बाईंनी फळ्यावर पाच वाक्ये लिहिली. लोकलच्या दारात लटकून प्रवास करू नये. गर्दीत मागून धक्का बसतो. बाहेरच्या खांबाचा मार लागतो. परवा एका मुलाचा नवा मोबाईल दारातून खाली पडला. गाडी चुकली तरी दुसरी येते. मुलांनी मोठ्याने वाचले. बाईंनी विचारले, "ह्यात मुख्य काय सांगितलं आहे?" पंधरा मुलांपैकी बहुतेकांनी एकच उत्तर दिले, "मोबाईल पडला!"

आम्हांला आमचा सभासद आठवला. त्याने बेण्याची सवलत धरली, ह्या मुलांनी मोबाईल धरला. जे डोळ्यांत भरते, जे आपल्या आवडीचे असते, तेच मुद्दा म्हणून पकडले जाते. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी क्रमाने तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न, हे कशाविषयी आहे? त्याचे उत्तर एका-दोन शब्दांत: लोकलचे दार. हा झाला विषय. दुसरा, त्याविषयी काय सांगायचे आहे? त्याचे उत्तर मात्र पूर्ण वाक्यात हवे: दारात लटकू नये. हा झाला मुद्दा. तिसरा, बाकीची वाक्ये काय काम करतात? मग एकेक वाक्य हाताने झाकून पाहिले. मोबाईलचे वाक्य झाकले तरी सांगणे उभे राहते. पहिले वाक्य झाकले तर धक्का, खांब, मोबाईल हे सगळे कशासाठी सांगितले तेच कळत नाही. म्हणजे मोबाईलचे वाक्य खोटे नाही, फुकटही नाही. ते मुद्द्याला टेकू देते. पण टेकू म्हणजे घर नव्हे, हे मुलांना तिथल्या तिथे पटले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहिले वाक्य शेवटी नेऊन ठेवले. तिसऱ्या दिवशी ते अजिबात लिहिलेच नाही, आणि मुलांना ते स्वतःच्या शब्दांत सांगायला लावले. अर्ध्या मुलांना जमले. लिहिणारा प्रत्येक वेळी मुद्दा पहिल्या ओळीत देत नाही, कधी कधी तो आपणच काढायचा असतो, हे त्या मुलांना अकराव्या वर्षी कळले. आम्हांला ते कृषी पदविका हातात आल्यावरही बरीच वर्षे कळले नव्हते. शिफारशी तोंडपाठ होत्या, पण त्यांतली कोणती आधी करायची हे शेतकऱ्याने विचारले की आमची पंचाईत होई.

सभासदांना हे समजायला अवघड नाही, कारण आपल्याकडे ह्याला शब्दच आहे. एक टन ऊस गाळला आणि उतारा अकरा टक्के पडला, तर एकशे दहा किलो साखर मिळते. बाकी बगॅस, मळी आणि प्रेसमड. त्यांतले काहीच आपण फेकीत नाही, पण त्यांना साखर म्हणत नाही. पुस्तकातल्या परिच्छेदालाही आपण उताराच म्हणतो. मुलाने किती पाने गाळली ह्यापेक्षा त्याला उतारा किती पडला, हे विचारायला हवे. वजनकाट्यावर ऊस मोजून थांबणारा कारखाना कोणी पाहिला आहे का?

ही अडचण आपल्या एका गावची नाही. १९९५ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांतून कामाला लागलेली 'प्रथम' ही संस्था. तिच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी होते. घरोघरी जाऊन ग्रामीण मुलांचे वाचन तपासतात. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे निम्म्यांहून अधिक मुलांना तेवढेही वाचता आले नाही. त्यांचे काम वेगळे आहे आणि ते आधी व्हायला हवे.

आमचे बोट आहे ते २०२३ च्या पाहणीकडे. त्या वर्षी चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना जुलाबावरच्या ओआरएसच्या पाकिटावरील सूचना वाचायला देऊन चार प्रश्न विचारले होते. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचे वाचता येत होते, अशांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांनाच त्यांतल्या तीन प्रश्नांची बरोबर उत्तरे देता आली. उरलेल्या एक-तृतीयांशांपुढे तेच पाकीट होते.

आता पाकिटाच्या जागी तणनाशकाची बाटली ठेवा. तिच्यावर विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. खाली मात्रा, काळजी आणि विषबाधा झाल्यास करावयाचे उपाय असतात. घरात वाचणारे माणूस बहुधा शाळेतले पोरच असते. त्याने सगळी चिठ्ठी खडखडीत वाचली आणि "हातमोजे घाला" एवढे वेगळे काढून सांगितले नाही, तर त्या वाचनाचा काय उपयोग? मोबाईलवरचे ऊसदराचे निरोपही तसेच. वर ठळक अक्षरांत आकडा असतो, खाली "अशी मागणी करण्यात आली" असे असते. दर जाहीर झाला समजून लोक आमच्याकडे विचारायला येतात.

आपल्याच ऊसपट्ट्यातल्या फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन ह्यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. अमेरिकेत जन्मलेल्या ह्या बाईंनी मराठी वाचन शिकविण्याची जी पद्धत बसविली, तीत थोडी अक्षरे येताच त्यांचे अर्थ असलेले शब्द मुलांपुढे येतात. वाचायचे ते समजण्यासाठी, ही सवय पहिल्या दिवसापासून. शिक्षक बंधू-भगिनींना आमचे सांगणे एवढेच की, "मोठ्याने वाच" ह्याच्या जोडीला "आता पुस्तक मिटून एका वाक्यात सांग" हेही रोज असू द्यावे. वर्गात पन्नास मुले असतात, पोर्शन पुरा करायचा असतो, हे आम्ही जाणतो. पण दिवसाला एक परिच्छेद होऊ शकतो.

घरी तर ह्याला पैसाही लागत नाही. हे वार्तापत्र घरी आले की मुलाकडून एकच मजकूर वाचून घ्या. मग कागद आपल्या हातात घ्या आणि विचारा, "कशाविषयी होतं? काय करायला सांगितलंय?" आईबापाला वाचता येत नसले तरी हे दोन प्रश्न विचारता येतात. मुलाने चुकीचे सांगितले तर "गाढवा" म्हणू नका, "कुठं लिहिलंय ते दाखव" म्हणा.

दुसरा एक खेळ आहे. पूर्वी तार करताना शब्दाला पैसे पडत. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण घरातल्या जुन्या माणसांना तारेची काटकसर आठवत असेल. खोडव्यातील पाचटावरचा आमचा पानभर लेख मुलाला द्या आणि म्हणावे, मामाला दहा शब्दांत तार कर. "पाचट जाळू नये, सरीत ठेवावे, ओल टिकते, खत होते." नऊ शब्दांत झाले! एवढे ज्या मुलाला जमले, त्याला लेख कळला.

आता आमच्या चुकीविषयी. त्या परिपत्रकात नोंदीची मुदत तिसऱ्या परिच्छेदात टाकणारे आम्हीच. कामाची गोष्ट खाली आणि प्रास्ताविक वर, ही कचेरीची जुनी खोड आहे. मुलाला बोल लावण्याआधी आम्हांला तो लावून घेतला पाहिजे. येत्या अंकापासून शेतकी खात्याच्या प्रत्येक सूचनेत काय करायचे आणि कोणत्या तारखेच्या आत, हे पहिल्या ओळीत ठळक छापू. तसे नसेल त्या वेळी गट ऑफिसात येऊन खुशाल जाब विचारावा.

त्या सभासदांचा मुलगा आता नववीत गेला आहे. ह्या जुलैत तो वडिलांबरोबर नोंदीला आला होता. फॉर्म वाचून म्हणाला, "बाबा, गट नंबर आणि लागणीची तारीख, एवढंच बघायचं. बाकीचं ते भरतील." नोंद लागणीनंतर आठव्या दिवशी झाली.



आपला,
ऊस विकास अधिकारी