नॉनस्टिक तवा: टाकायचा की ठेवायचा?

"डॉक्टर, घरातली नॉनस्टिक भांडी टाकून देऊ का?" हा प्रश्न हल्ली मला रक्तदाबाच्या गोळीइतक्याच वेळा विचारला जातो. एकीकडे व्हॉट्सॲपवर 'कॅन्सरचा तवा' असे मेसेज फिरतात, दुसरीकडे दुकानात प्रत्येक खोक्यावर 'टॉक्सिन फ्री', 'इको फ्रेंडली', 'पीएफओए फ्री' अशी हिरव्या पानाची चित्रं असतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात असलेला नॉनस्टिक तवा नीट वापरलात तर तुम्हाला त्यापासून फारसा धोका नाही. पण तो खराब झाल्यावर त्याच्या जागी दुसरा नॉनस्टिक आणू नका. ही दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतील, म्हणून जरा खोलात जाऊ.

नॉनस्टिक म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यावर दिलेला एका प्लॅस्टिकचा पातळ थर. त्याचं रासायनिक नाव पीटीएफई, बाजारातलं गाजलेलं नाव टेफ्लॉन. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट हा रसायनशास्त्रज्ञ फ्रीजसाठी लागणाऱ्या वायूवर काम करत असताना तो अपघातानेच सापडला. पुढे १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नॉनस्टिक तव्यांची टेफाल कंपनी सुरू झाली. यातल्या कार्बन आणि फ्लोरिनची जोडी इतकी घट्ट असते की हा पदार्थ दुसऱ्या कशाशी संयोग पावत नाही. म्हणून अंडं चिकटत नाही, आणि म्हणूनच खरवडलेल्या तव्याचा एखादा काळा कण पोटात गेला तर तो न पचता शौचावाटे बाहेर पडतो. खपली गिळली म्हणून घाबरून दवाखान्यात यायची गरज नाही.

खरी भानगड आहे ती उष्णतेची. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या वर हा थर खराब व्हायला लागतो, आणि ३५० च्या आसपास त्यातून विषारी वायू आणि अतिसूक्ष्म कण लक्षात येण्याइतके बाहेर पडतात. तव्यात पदार्थ असेल तर एवढं तापमान सहसा गाठलं जात नाही, कारण पदार्थातलं पाणी तवा थंड ठेवतं. पण मोठ्या आचेवर रिकामा तवा ठेवून तुम्ही फोन घ्यायला गेलात, तर काही मिनिटांत तो तिथवर पोचू शकतो. तो धूर श्वासात गेला की चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखं वाटणं असा त्रास होतो. फ्लू समजून औषध घेतलं जातं आणि एकदोन दिवसांत बरं वाटतं, त्यामुळे तव्याचा संशयही येत नाही. पाळीव पक्षी मात्र वाचत नाहीत. पोपट, लव्हबर्ड्स यांची फुप्फुसं या धुराला इतकी नाजूक असतात की काही मिनिटांत ते मरतात. स्वयंपाकघराला लागून पिंजरा असेल तर नॉनस्टिक घरात नसलेलंच बरं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत नॉनस्टिक भांडी १७० अंशांच्या वर तापवू नयेत असं म्हटलं आहे. आपल्याकडे कुणी तव्याला थर्मामीटर लावत नाही, हे मान्य. तेलाचा थेंब हाच थर्मामीटर समजा. तेल धुरायला लागलं म्हणजे आच फार झाली. नॉनस्टिकवर रिकामं तापवणं नाही, मोठी आच नाही. शेंगदाणे-खोबरं भाजणं नाही, पापड भाजणं नाही. भाकरी तर नाहीच. हे पाळता येत असेल तर आहे तो तवा वापरा.

मग दुसरा आणू नका असं का म्हणतो? कारण या तव्याचा त्रास जिथे तो तयार होतो त्या गावाला जास्त होतो.

टेफ्लॉन बनवताना पीएफओए नावाचं एक रसायन वापरलं जायचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या ड्युपाँटच्या कारखान्यातून ते वर्षानुवर्षं नदीत, हवेत आणि तिथून लोकांच्या पिण्याच्या पाण्यात गेलं. रॉब बिलॉट या वकिलाने तो खटला लावून धरला, 'डार्क वॉटर्स' हा २०१९ चा सिनेमा त्यावरच आहे. तडजोडीचा भाग म्हणून परिसरातल्या सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त तपासलं गेलं. शास्त्रज्ञांच्या समितीने सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता नोंदवली: मूत्रपिंडाचा कर्करोग, वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, मोठ्या आतड्याला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार, वाढलेलं कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातला रक्तदाब. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हे रसायन शरीरात गेलं की त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच दोन ते चार वर्षं लागतात. मातीत आणि पाण्यात तर ते मोडतच नाही.

'पीएफओए फ्री' या शिक्क्याचा अर्थ आता लावा. पीएफओए वापरलेलं नाही, एवढंच तो सांगतो. मोठ्या कंपन्यांनी अमेरिकेत २०१५ पर्यंत ते बंद केलं, पण त्याच्या जागी त्याच कुळातली दुसरी रसायनं आणली. अशी हजारो रसायनं आहेत आणि त्या सगळ्यांना मिळून पीफास म्हणतात. पीएफओएऐवजी आणलेलं जेनएक्स नॉर्थ कॅरोलायनातल्या केप फिअर नदीत आणि लोकांच्या नळात सापडलं, हे २०१७ मध्ये उघड झालं.

हे सगळं परदेशातलं, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर नकाशात लोटे-परशुराम शोधा. इटलीत विचेंझाजवळ मितेनी नावाचा कारखाना पीफास बनवायचा. त्याने त्या भागातल्या लाखो लोकांचं पाणी खराब केलं, २०१८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं आणि २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याच्या माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे औद्योगिक वसाहतीत आली. या वसाहतीचं सांडपाणी दाभोळच्या खाडीकडे जातं. तिथे आज कोणती रसायनं बनतात आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात पीफास किती, याची नियमित तपासणी होऊन आकडे लोकांसमोर यावेत, असं डॉक्टर म्हणून मला ठामपणे वाटतं. पीफास फक्त तव्यासाठी बनत नाहीत, हे खरं. कापडापासून औषधांपर्यंत त्यांचे असंख्य उपयोग आहेत आणि त्यातल्या काहींना पर्याय नाही. तव्याला मात्र आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून पीफास असलेल्या भांड्यांची विक्रीच बंद केली. टेफालच्या फ्रान्सने मात्र कायदा करताना सौंदर्यप्रसाधनं आणि कपडे धरले, भांडी तेवढी वगळली!

दुकानातल्या दोन शब्दांबद्दल सावध करतो. 'ग्रॅनाइट' किंवा 'मार्बल' लिहिलेला तवा दगडाचा नसतो. बहुतेक वेळा तो ठिपके असलेला पीटीएफईच असतो. 'सिरॅमिक' कोटिंग खरोखर वेगळं असतं. ते सिलिकावर आधारलेलं असतं, त्यात पीफास नसतात. पण त्याचा गुळगुळीतपणा वर्ष-दोन वर्षांत जातो आणि तवा भंगारात. दर दोन वर्षांनी फेकायच्या वस्तूला पर्यावरणपूरक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. एवढ्यावरही सिरॅमिक घ्यायचंच असेल तर खोक्यावर नुसतं 'पीएफओए फ्री' नको, 'पीफास फ्री' किंवा 'पीटीएफई फ्री' लिहिलेलं बघा.

मी सुचवतो तो बिडाचा तवा. कोकणात घावन आणि आंबोळ्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यावर निघतात तोच. नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं, पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, कडा सुटल्या की उलथायचं. तेलाचा पातळ थर बिडावर तापला की त्याचं रूप बदलून कडक, काळी, गुळगुळीत साय तयार होते. नॉनस्टिकच तो, फक्त फ्लोरिनशिवाय. आणि तो थर खराब झाला तर घरच्या घरी पुन्हा चढवता येतो.

नवीन तवा घासून धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा, चमचाभर तेल चोळा आणि मग ते जवळजवळ सगळं पुसून काढा. पुसणं महत्त्वाचं, कारण तेल जास्त राहिलं तर तवा चिकट होतो. खिडकी उघडी ठेवून तवा धूर थांबेपर्यंत तापवा. असं चार-पाच वेळा करा. तरी पहिले दोन-तीन घावन फाटतील, ते खाऊन टाका. रोजच्या वापरात तवा रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवायचा नाही, तारेच्या घासणीने घासायचा नाही, धुतल्यावर लगेच कोरडा करून तेलाचा हात फिरवायचा. भांड्यांना मावशी येत असतील तर हा एक तवा तुम्हीच धुतलेला बरा. गंज आलाच तर घासून काढा आणि पुन्हा तेल चढवा. गंजलेल्या तव्यावरचं खाल्लं की धनुर्वात होतो ही समजूत चुकीची आहे. धनुर्वाताचे जंतू जखमेतून शिरतात, पोळीतून नाही.

लोखंडाचा आणखी एक फायदा सांगितला जातो तो लोहाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया ॲनिमिक निघाल्या, त्यामुळे हा मुद्दा लहान नाही. पण तव्यावर कोरडी पोळी भाजून हिमोग्लोबिन वाढत नाही, कारण लोह उतरायला ओलावा, थोडा आंबटपणा आणि वेळ लागतो. म्हणून पालेभाजी, टोमॅटो घातलेली रसभाजी लोखंडी कढईत करा आणि शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. चिंच-कोकमाची आमटी मात्र स्टीलमध्येच, नाहीतर चव आणि कढईचा थर दोन्ही जातात. तुम्हाला लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर कढई आणली म्हणून त्या बंद करू नका. आणि घरात थॅलेसेमिया मेजरचा रुग्ण किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असलेलं कुणी असेल, तर लोखंडी भांड्यात स्वयंपाक करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

बाकी भांड्यांचं थोडक्यात. रोजच्या भाज्या-आमट्यांना जाड बुडाचं स्टील उत्तम. ते चिकटतं अशी तक्रार असते, पण आधी भांडं मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळला की मग तेल घाला, फरक दिसेल. ज्यावर कुणाचं नाव नाही, आयएसआय खूण नाही अशी स्वस्त ॲल्युमिनियम-हिंडालियमची भांडी टाळा. २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या अशा काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं म्हणून इशारा दिला होता. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, त्यापुढे नॉनस्टिकचा धोका मला फिका वाटतो. पितळ वापरत असाल तर कल्हई हवीच.

"पण डॉक्टर, नॉनस्टिकमध्ये तेल कमी लागतं ना?" लागतं. एक चमचा तेल वाचलं तर साधारण ४५ कॅलरी वाचतात. मात्र नॉनस्टिकवर बिनतेलाचा डोसा करून संध्याकाळी फरसाणाची पिशवी उघडणारे रुग्ण मी रोज बघतो. मुरलेल्या बिडाला डोशामागे पाव चमचाही तेल पुरतं.

बिडाला एकच खरी अडचण आहे, त्याचं वजन. मनगटाची सांधेदुखी किंवा हाडं ठिसूळ झालेली आजी असेल, तर तिच्या हातात दोन-तीन किलोचा तवा देऊ नका. तिला पातळ लोखंडी तवा द्या, आणि तोही जमत नसेल तर मंद आचेवर नॉनस्टिक वापरू द्या. तवा पायावर पडून मोडलेलं बोट मला जास्त काळजीचं वाटतं.

आता घरातला जुना तवा. थर थोडाफार ओरखडला असेल तर लाकडी उलथणं वापरून अंड्या-ऑम्लेटसाठी तो संपवा. थर सोलून निघायला लागला, मधोमध पांढरं ॲल्युमिनियम दिसायला लागलं की थांबा. तो कामवाल्या मावशींना 'अजून चालतोय' म्हणून देऊ नका, आणि चुलीवर किंवा बाहेर शेगडीवर दाणे भाजायलाही ठेवू नका, कारण तिथेच तो सगळ्यात जास्त तापतो.