'स्ट्राँग की माइल्ड?' : एका अरसिक प्रश्नाविषयी

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कोणत्याही 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'मध्ये बिअर मागणाऱ्यास दोनच प्रश्न विचारले जातात : 'स्ट्राँग की माइल्ड?' आणि 'चिल्ड ना?' पहिला नशेचा, दुसरा तापमानाचा. चवीचा प्रश्न कोणी विचारीत नाही. आमचा आक्षेप वेटरवर नाही. रसचर्चेचा वारसा सांगणाऱ्या आपणा साहित्याच्या अध्यापकांवर आहे.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनी रस समजावताना दृष्टान्त देतात तो सुसंस्कृत अन्न चाखणाऱ्या रसिकाचा. रस, रुची, आस्वाद हे समीक्षेचे शब्द जिभेकडूनच उसने घेतलेले आहेत. मात्र प्रत्यक्ष जिभेवरच्या पदार्थाविषयी बोलायची वेळ आली की आपण एकतर व्यसनमुक्तीचे कीर्तन लावतो, नाहीतर 'किक'चे कौतुक करतो.

जर्मन पद्धतीची पिल्सनर घ्या. योझेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने १८४२ साली बोहेमियातील पिल्झेन येथे सोनेरी बिअर घडविली. जर्मनांनी ती अधिक फिकी, अधिक कोरडी आणि अधिक कडवट केली. तिचा मद्यार्क पाच टक्क्यांच्या आसपास. पारदर्शक रंग, टिकणारा पांढरा फेस, धान्याचा हलका गोडवा, हॉपच्या फुलांचा वनस्पतीगंध आणि घोट संपल्यावरही रेंगाळणारा स्वच्छ कडूपणा ही तिची लक्षणे. लोण्याचा वास आला तर आंबवण नीट उरकलेली नाही असे समजावे. उग्र, कुजकट वास आला तर बाटलीला प्रकाश लागला असावा. हे सारे कळण्यासाठी ती सहा ते आठ अंश तापमानाला प्यावी. बर्फगार बिअर जीभ बधिर करते आणि दोष झाकते.

'कडू लागते' हा तिच्यावरचा नेहमीचा आक्षेप. कारले आणि मेथी आवडीने खाणाऱ्या, पाडव्याला कडुनिंब चाखून वर्ष सुरू करणाऱ्या समाजाने तो घ्यावा, हे नवल आहे. संस्कृतातील सहा रसांत या चवीला 'तिक्त' हे स्वतंत्र आसन आहे. दोष कडूपणात नसतो. तो प्रमाणात असतो, किंवा बाकीच्या चवींशी त्याचे न जुळण्यात असतो. पिल्सनरला 'माइल्ड' म्हणून हिणवणे म्हणजे ललितनिबंधात कथानक नाही म्हणून त्याला नापास करणे होय.

दारूने घरे उद्ध्वस्त होतात, हे कोण नाकारील? पण 'स्ट्राँग'ला श्रेष्ठ ठरविणारा निकष नशेचाच आहे. त्याला उत्तर द्यायचे तर दुसरा निकष हवा, आणि तो भाषेतच घडवावा लागतो. आपण तो घडविला नाही, म्हणून बिअरचे मोजमाप टक्क्यांत होते. 'वाचनीय' आणि 'हृदयस्पर्शी' या दोन शिक्क्यांवर चालणारी आपली पुस्तकपरीक्षणे तरी याहून वेगळे काय करतात? विद्यार्थ्यांना आस्वादक समीक्षा शिकविणाऱ्यांनी आधी ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावे.